पहिला कॅमेरा घेताना: बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त

खिशात चांगला मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं घरातले विचारणारच. प्रश्न रास्त आहे, आणि दुकानाची पायरी चढण्याआधी त्याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. आजचा मोबाईल एका क्लिकमध्ये गुपचूप अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर बसवतो, सावल्या उजळतो, पांढरं पडलेलं आकाश परत आणतो. भर दिवसा काढलेला आणि पुन्हा मोबाईलवरच पाहिला जाणारा फोटो असेल तर साठ हजारांचा कॅमेरा फार काही वेगळं देणार नाही. उलट सुरुवातीला जरा वाईटच देईल, कारण कॅमेरा तुमच्या परस्पर एवढ्या उचापती करत नाही.

कॅमेरा लागतो तो लांबचं, वेगाचं किंवा अंधारातलं टिपताना: उजनीच्या पाणवठ्यावरचे रोहित पक्षी, कबड्डीतली चढाई, सभामंडपात रंगलेलं कीर्तन. शिवाय फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा असेल तर, आणि फोटोत काय स्पष्ट हवं, काय धूसर हवं हे स्वतः ठरवायचं असेल तर. यातलं एकही नसेल तर पैसे वाचवा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मोबाईलची गॅलरी उघडा

मॉडेलांची नावं शोधण्याआधी एक तास मोबाईलमधले मागच्या वर्षभराचे फोटो चाळा. चांगले आलेले सोडून द्या, हिरमोड करणारे बाजूला काढा. स्नेहसंमेलनात स्टेजवरची लेक ठिपक्याएवढी दिसतेय? म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स हवी. बारशाच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे हललेले? म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स हवी. गडावरून दिसणारा सगळा परिसर फोटोत मावतच नाही? मग रुंद लेन्स. बघा, तिन्ही उत्तरांत लेन्सच आली, कॅमेऱ्याची बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) कुठेच नाही. दुकानात मात्र संभाषण सुरू होतं ते बॉडीपासून आणि मेगापिक्सेलपासून.

मेगापिक्सेलचं प्रकरण इथेच मिटवू. १२ × १८ इंचांचा उत्तम प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० × ५४०० म्हणजे साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक सुरुवातीच्या कॅमेऱ्यात २४ असतात. विषय संपला.

सेन्सरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार जास्त महत्त्वाचा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी त्याहून लहान, निकॉन, सोनी, फुजीफिल्ममध्ये साधारण २३.५ × १५.६, कॅननमध्ये किंचित आणखी लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. मोबाईलचा सेन्सर यांच्यापुढे नखाएवढा. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, म्हणून कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. पण त्याच्या लेन्सही मोठ्या, जड आणि महाग. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी पुरे आहे. ‘शेवटी फुल फ्रेमच घ्यायचाय, मग आत्ताच का नको’ असं म्हणणारे मित्र भेटतील. त्यांना फुल फ्रेमच्या चांगल्या लेन्सच्या किमती विचारा.

डीएसएलआर की मिररलेस

डीएसएलआरमध्ये आरसा असतो आणि डोळ्याला लेन्समधून आलेलं खरं दृश्य दिसतं. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सरवर जे पडतंय तेच छोट्या पडद्यावर दिसतं, म्हणजे फोटो उजळ येणार की काळा हे बटण दाबण्याआधीच कळतं. शिकणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८मध्ये आपापली नवी मिररलेस माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची खाच, आणली (झेड आणि आरएफ), आणि तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष तिकडेच आहे. सोनीची ई माउंट २०१०पासून आहे, फुजीफिल्मची एक्स माउंट २०१२पासून.

म्हणून कोरा कॅमेरा घेणार असाल तर मिररलेसच घ्या. पण बजेट तीस-पस्तीस हजारांचं असेल तर जुन्या डीएसएलआरला नाक मुरडू नका. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे जुन्या लेन्स चांगल्या दरात मिळतात, आणि बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर राजाच: निकॉन डी३५००ची कंपनीने दिलेली क्षमता एका चार्जमध्ये १५५० फोटोंची आहे, तर सुरुवातीच्या बहुतेक मिररलेसची तीनशे-साडेतीनशेच्या घरात. मिररलेस घेतलात की दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.

कंपनी कुठली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सगळ्यांचे फोटो चांगलेच येतात. त्यापेक्षा घरात, मित्रांत, नातेवाइकांत कोणाकडे कुठल्या माउंटच्या लेन्स आहेत ते पाहा. मामेभावाकडे कॅननच्या तीन लेन्स पडून असतील तर तुमची कंपनी ठरली. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट नीट चालतात.

पैशांची वाटणी

बॉडी दोन-तीन वर्षांत जुनी होते, तिची किंमत घसरते. चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षं चालते आणि विकतानाही बऱ्यापैकी पैसे परत देते. म्हणून हातात ८० हजार असतील तर ८० हजारांची बॉडी आणि सोबत आलेली किट लेन्स असं करू नका. एक पायरी खालची बॉडी घ्या, उरलेल्या पैशांत दुसरी लेन्स.

कुठली? किट लेन्स बहुधा १८-५५ किंवा १६-५० मिलिमीटरची असते (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). दिवसा, प्रवासात ती उत्तम काम करते. अंधारात तिची दमछाक होते, कारण झूम पूर्ण ताणल्यावर तिचं तोंड एफ/५.६ किंवा त्याहूनही लहान उघडतं (एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान). याउलट ५० मिलिमीटर एफ/१.८ ही साधी, झूम नसलेली लेन्स त्याच जागी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे किट लेन्सला १/१० सेकंद लागत असेल तिथे हिला १/१०० पुरतं, आणि आरतीतले हात धूसर न येता स्पष्ट येतात. प्रत्येक कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्समध्ये हिचा किंवा हिच्या ३५ मिलिमीटरवाल्या बहिणीचा नंबर लागतो. फ्लॅटमधल्या खोल्यांत मुलांचे, घरच्यांचे फोटो काढायचे असतील तर ३५ घ्या. एपीएस-सीवर ५०ची लेन्स ७५-८०सारखी वागते आणि छोट्या खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकते.

पक्ष्यांचं वेड असेल तर गणित उलटं. ३०० मिलिमीटरच्या खाली पक्षी ठिपकाच राहतो. ४००-६००पर्यंत जायला हवं. तेव्हा जुनी डीएसएलआर बॉडी आणि तिच्यावर निकॉन २००-५०० एफ/५.६सारखी वापरलेली लेन्स, अशी जोडी नव्या कोऱ्या किटपेक्षा कितीतरी जास्त पक्षी देईल.

दुकानदार सोबत कॉम्बो देऊ करतो: बॅग, ट्रायपॉड, फिल्टर, सफाईचं किट. त्या फुकटच्या ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला की वाऱ्याने डुलतो. त्याऐवजी तेवढी सवलत मागा आणि नामांकित कंपनीचं मेमरी कार्ड घ्या, ६४ जीबीचं, ज्यावर व्ही३० असं छापलेलं असेल (म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी). नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, म्हणून कार्ड खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

दुकानात

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. भाव काढायला आणि हातात धरून बघायला ती जागा बरी. हातात धरणं महत्त्वाचं आहे. करंगळी ग्रिपखाली लोंबकळते का, अंगठा चाकापर्यंत सहज जातो का, हे कुठल्याही व्हिडिओत कळत नाही. जमलं तर आवडलेलं मॉडेल आधी शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या. बहुतेक मोठ्या शहरांत अनामत आणि ओळखपत्रावर मिळतो.

कोणी बाजारभावापेक्षा बराच खाली भाव सांगितला तर एकच प्रश्न विचारा: ‘कंपनीची भारतातली वॉरंटी आहे ना?’ ‘दुकानाची वॉरंटी देतो’ असं उत्तर आलं की समजा, माल परदेशातून परस्पर आलेला आहे. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर खोक्यावरच्या आणि बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा.

जुना कॅमेरा घेताना घाई करू नका. विकणाऱ्याला दिवसा भेटा, स्वतःचं मेमरी कार्ड न्या आणि मोबाईलचा टॉर्च वापरा. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण दिसतीलच, त्यांनी काही बिघडत नाही. पण काचेच्या कडेने आत सरकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. कोकणपट्टीतल्या दमट घरांत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. ‘साफ करून मिळते हो’ असं सांगितलं जाईल. तुम्ही नमस्कार करून निघा. टॉर्च तसाच ठेवून दुधी, धुरकट थर आहे का तेही बघा, आणि लेन्सच्या स्क्रूंवर ओरखडे असतील तर ती आधी उघडली गेली आहे.

मग अॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून, एक फोटो काढा. काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण भावात धरा. लेन्सला झाकण लावून एक फोटो घ्या आणि मोठा करून पाहा: रंगीत ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. शटर (सेन्सरपुढचा उघडझाप करणारा पडदा) किती वेळा उघडलंय तो आकडा निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्येच नोंदलेला असतो; कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख फोटोंसाठी बनवलेलं असतं. वीस-तीस हजार झाले असतील तर निर्धास्त घ्या.

निकॉनची एक खोच मात्र पाठ करून जा. डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स (स्वस्तात मिळणारी ५० मिलिमीटर एफ/१.८ डी त्यातलीच) त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. डी७२००, डी७५००वर करतात. स्वस्त जोडी दिसली की हे तपासा.

पहिली संध्याकाळ

बॅटरी पूर्ण चार्ज करा. तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर पुढे फोटो शोधताना डोकं धरून बसाल. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोटोचा दर्जा ‘रॉ + जेपेग’ ठेवा: जेपेग लगेच घरच्यांना पाठवायला, रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल) शिकून झाल्यावर सुधारायला.

आता डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं, ते शोधा. ते चष्म्याच्या नंबरासारखं काम करतं. खिडकीतली अक्षरं आणि आकडे कडक दिसेपर्यंत ते फिरवा. याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि मग ‘कॅमेऱ्यातून सगळं धूसर दिसतं’ म्हणून तक्रार करतात.

पट्टा गळ्यात किंवा मनगटात असल्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा. डावा हात लेन्सखाली, कोपरं अंगाला चिकटलेली.

तीन आकडे

फोटोत किती उजेड येणार हे तीन गोष्टी ठरवतात. अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक: आकडा लहान तितकं भोक मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असं एकेक पाऊल पुढे गेलं की प्रकाश निम्मा होतो. शटर स्पीड म्हणजे किती वेळ प्रकाश आत येतो ते. आयएसओ म्हणजे मिळालेला प्रकाश किती वाढवून दाखवायचा. जास्त वाढवला की फोटोत दाणे दिसतात. एकाने उजेड निम्मा केला की दुसऱ्याने दुप्पट करायचा.

लगेच ‘एम’वर जाऊन तिन्ही आकडे हाताने फिरवण्याचा हट्ट नको. ‘मॅन्युअलवर काढतो तोच खरा फोटोग्राफर’ ही निव्वळ फुशारकी आहे. वरचं मोडचं चाक ‘ए’वर ठेवा (कॅननमध्ये ‘एव्ही’), म्हणजे अॅपर्चर तुम्ही ठरवाल, शटर कॅमेरा. मेनूत ऑटो आयएसओ सुरू करा, त्याची वरची मर्यादा ६४०० ठेवा आणि किमान शटर स्पीड १/१२५ द्या. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. एवढं केलं की हललेले फोटो निम्म्याने कमी होतात आणि तुमचं डोकं एकाच आकड्यावर राहतं.

पहिला महिना एकच लेन्स, एकच मोड. घरातल्या कोणाला तरी खिडकीशेजारी बसवा, दिवे बंद करा. एफ/१.८वर एक फोटो, मग ४, मग ८. पहिल्यात जवळचा डोळा कडक आणि कान धूसर, शेवटच्यात मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही वाचता येईल. लग्नातल्या तीन ओळींच्या ग्रुप फोटोला म्हणूनच ५.६ किंवा ८ लागतो, नाहीतर मागच्या ओळीतले काका कायमचे धूसर.

मग शटर. यासाठी गणपतीतल्या ढोल-ताशा पथकासारखा गुरू नाही. चाक ‘एस’वर (कॅननमध्ये ‘टीव्ही’) आणा आणि ताशा वाजवणाऱ्याच्या हातांवर लक्ष ठेवा. १/१०००ला काड्या हवेत गोठतात, इतक्या की वादक नुसताच उभा आहे असं वाटतं. १/६०ला चेहरा स्थिर, काड्यांचा पंखा झालेला. १/१५ला अख्खं पथक विरघळतं. माझ्या मते १/६० सर्वांत बोलका. पण तो हात न हलवता साधावा लागतो, दहातले आठ वाया जातात. स्थिर वस्तूंसाठी ढोबळ नियम असा: लेन्सच्या मिलिमीटरला दीडने गुणा, शटर त्याहून सावकाश नको. ५०च्या लेन्सला १/८०. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमच्या हाताची थरथर सावरते, समोरच्याची हालचाल नाही.

कॅमेरा कुठे फसतो

समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे, अशी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची मूळ समजूत असते. नव्या कॅमेऱ्यांचे मीटर हुशार झालेत, तरी फसतात. दिवेघाटात वारकऱ्यांची पांढरी लाट वर चढत असते आणि वर ज्येष्ठातलं ढगाळ, पांढरं आकाश. एवढा पांढरा रंग बघून कॅमेरा घाबरतो आणि सगळं मळकट करून ठेवतो. धोतरं राखाडी, चेहरे काळे. अशा वेळी अधिक-उणेचं चिन्ह असलेलं बटण दाबून +१ करा. उलट, काळ्या म्हशीने फ्रेम भरली असेल तर कॅमेरा तिला राखाडी करेल, तिथे -१. मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख) दिसतो, तो उजव्या भिंतीला धडकू देऊ नका. जळून पांढरा झालेला भाग नंतर परत मिळत नाही. काळोखातला बराचसा मिळतो.

फोकसचं थोडक्यात: सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोपवले की तो बऱ्याचदा सर्वांत जवळची वस्तू धरतो, म्हणजे आजीच्या चेहऱ्याऐवजी पुढ्यातली समई. एकच बिंदू निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. डोळा ओळखण्याची सोय असेल तर खुशाल वापरा. हलणाऱ्या विषयासाठी सतत फोकस (निकॉन-सोनीत ‘एएफ-सी’, कॅननमध्ये ‘सर्व्हो’) लावा.

घरात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टाळा. वर वेगळा फ्लॅश लावत असाल तर तो छताकडे वळवा, छत पांढरं असेल तरच.

घरी आल्यावर, आणि पावसाळ्यात

फोटो त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा, मगच कार्ड फॉरमॅट करा. रॉ उघडायला निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं. कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी डार्कटेबलही फुकट आहे, फक्त शिकायला वेळ मागतं.

कॅमेरा पावसात भिजण्यापेक्षा घरातल्या दमट हवेत जास्त खराब होतो. जून ते सप्टेंबर तो बॅगेत, कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तापवून वाळवा. लेन्स चार-दोन असतील तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या. एसी खोलीतून किंवा गाडीतून एकदम दमट हवेत आलात की काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा. काचेवर तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बसतात, रबरी ब्लोअर वापरा. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत.

पुढची लेन्स कधी घ्यायची? सहा महिन्यांनी कॉम्प्युटरवर आपले आवडते फोटो निवडा आणि प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढलाय ते फाईलच्या माहितीत बघा. बहुतेक १८वर असतील तर आणखी रुंद लेन्स. बहुतेक ५५वर असतील आणि वर तुम्ही ते कापून मोठे केले असतील तर ५५-२५० किंवा ७०-३००सारखी. विखुरलेले असतील तर इतक्यात काहीच नको.